सुट्टीवरची घड्याळं

जे घड्याळ बंद असायला हवं होतं, ते माझ्या तळहातावर टिकटिक करत होतं.

सकाळची वेळ होती. आंघोळ उरकून, चहाचा कप बाजूला ठेवून मी नेहमीप्रमाणे घड्याळांचा खण उघडला होता. मागच्या ओळीतलं, डायल पिवळी पडलेलं एक स्विस घड्याळ उचललं आणि चावी द्यायला गेलो, तर चावी जेमतेम अर्धा वेढा फिरली आणि अडली. पूर्ण भरलेली होती. वेळही बरोबर. म्हणजे कोणीतरी आदल्याच दिवशी त्याला चावी देऊन वेळ लावली होती. घरात माणसं दोन. बायको माझ्या घड्याळांना हात लावत नाही, तिला साधं भिंतीवरचं घड्याळ लावायचं झालं तरी ती मला हाक मारते. उरलो मी. आणि मला काहीच आठवत नव्हतं.

शेजारचं घड्याळ कानाला लावलं. तेही चालू. त्याच्या पलीकडचंही. मी खण बंद केला आणि पलंगावर बसून राहिलो. चहा गार झाला.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. मी नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होतो. उभा जन्म भिंतीवरच्या घड्याळाकडे बघण्यात गेला, आणि रिटायर झाल्यावर काय सुचलं, तर घड्याळं जमवणं! तीही फक्त चावीची. सेलवरच्या घड्याळात मला रस नाही. त्याला आपली गरजच नसते. चावीचं घड्याळ रोज सकाळी आपल्या बोटांची वाट बघतं. बायको त्या खणाला 'वॉर्ड' म्हणते. पाहुणे आले की सांगते, "हे आतमध्ये आहेत, पेशंट पाहून राहिले."

पण तिचीही तक्रार मनापासूनची नाही, कारण या छंदापायी आमचं फिरणं होतं. कुठल्या गावी कोणाच्या कपाटात आजोबांचं घड्याळ पडलंय असं कळलं की आम्ही निघतो. सकाळी कोपऱ्यावर तर्री पोहे खायचे, तर्री पुन्हा मागून घ्यायची, आणि स्टेशन गाठायचं. खरं सांगायचं तर घड्याळ हे निम्मं निमित्त असतं. वर्ध्याला गेलो की गोरसपाकाची बिस्किटं, शेगावची कचोरी, बऱ्हाणपूरला गेलो तर मावा जिलेबी, तीही उभ्याउभ्या, पाकाचे हात रुमालाला पुसत. मी घड्याळाचं मागचं झाकण उघडून बघत बसतो तोवर बायको त्या घरच्या स्वयंपाकघरात पोचलेली असते. परतीच्या गाडीत मी तिला घड्याळाबद्दल सांगतो आणि ती मला त्या घरातल्या सुनांबद्दल. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ कोणता असं कोणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

आणि नेमका याच काळात तो खण मला घाबरवायला लागला.

भीतीला कारण होतं. माझा थोरला भाऊ अमरावतीला असायचा. मोठा हुशार माणूस, गणिताचा मास्तर. त्याची सुरुवात चहापासून झाली. चहा प्यायचा, कप विसळून पालथा ठेवायचा, आणि दहा मिनिटांनी म्हणायचा, "आज मले कोणी चहाच नाही दिला." आम्ही हसायचो. मग तो वहिनीवर संशय घ्यायला लागला. माझा चष्मा हिनेच लपवला, माझा पेन हिनेच घेतला. चष्मा त्याच्याच डोक्यावर असायचा. शेवटी शेवटी मी भेटायला गेलो तर त्यानं मला खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि फार अदबीनं म्हणाला, "आपण कोणाकडले?" मी माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा, माझ्या लहान भावाचंही हेच नाव आहे."

त्या दिवशी अमरावतीहून परतताना मी बसमध्ये रडलो होतो. भावासाठी रडलो, आणि थोडा स्वतःसाठीही. आमची दोघांची चण सारखी, आवाज सारखा, टक्कलसुद्धा सारखंच. मग हेच वेगळं का असावं?

तर आता घड्याळांची गंमत अशी की मी सगळी एकदम चालवत नाही. पूर्वी चालवायचो. मग बर्डीच्या बाजारात जो माझी घड्याळं दुरुस्त करतो, त्यानं सांगितलं की काका, यांना आळीपाळीनं सुट्टी द्या, रोज सगळी चालवली की आतून घासतात. मला ते पटलं. तेव्हापासून एक ओळ आठवडाभर चालते, बाकीच्या ओळी सुट्टीवर असतात. त्या सकाळी मागच्या ओळीची पाळी सुरू व्हायची होती; तोवर सुट्टीवरची घड्याळं गप्प पाहिजेत. पण ती गप्प नव्हती. त्या दिवशी नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी ओळ बघितली तेव्हा तीही नव्हती. म्हणजे मी रोज कधीतरी खणापाशी जात होतो, एकेक घड्याळ उचलून चावी देत होतो, वेळ लावत होतो, आणि विसरत होतो. दादाचा तो चहाचा कप मला दिसायला लागला.

बायकोला विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता, हे आता कळतं. तेव्हा जीभ उचलेना. तिला काय विचारणार? माझ्या घड्याळांना तू हात लावतेस का? दादाही हेच विचारायचा वहिनीला. तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला की संपलंच, असं मला वाटायचं. बायकोकडे संशयानं बघायचं नाही, एवढं एक मी घट्ट धरून ठेवलं होतं.

मग मी स्वतःचीच परीक्षा घ्यायला लागलो. भाजी आणायला निघालो की चालता चालता नागपूर ते शेगाव स्टेशनं म्हणायची. अजनी, बुटीबोरी, सेवाग्राम, पुलगाव, धामणगाव... बडनेऱ्यानंतर मूर्तिजापूर आधी की अकोला, इथं एकदा अडलो आणि भर रस्त्यात घाम फुटला. भाजीवाली म्हणाली, "काका, बसा ना जरासे, काय होऊन राहिलं?" मी म्हटलं, काही नाही, ऊन. ऊन नव्हतंच.

बऱ्हाणपूरहून फोन आला होता. तिथल्या एका घरात एक जुनं खिशातलं घड्याळ निघालं होतं, चांदीचं झाकण असलेलं. एरवी मी दुसऱ्या दिवशी गाडीत असतो. या वेळी म्हटलं, पाठ दुखते. अनोळखी गावात, अनोळखी स्टेशनवर माझं काही झालं तर? बायको आग्रह करेल असं वाटलं होतं, कारण मावा जिलेबी तिच्या जिवाची. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि आत गेली. तिला हायसं वाटल्यासारखं दिसलं. मला तेही लागलं. हिला माझ्यासोबत यायचंच नाहीये की काय, असं वाटून मी दिवसभर चिडचिड केली. वरणात मीठ कमी आहे म्हणालो. कमी नव्हतं.

शेवटी एक दिवस सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. सकाळी मागच्या ओळीतल्या सगळ्या घड्याळांचे काटे मुद्दाम भलत्याच वेळेवर नेले. कुठे सव्वातीन, कुठे पावणेबारा. आणि आज संध्याकाळपर्यंत आपण खणाला हात लावायचा नाही, हे लक्षात राहावं म्हणून रुमालाला गाठ मारून तो खिशात ठेवला. दिवसभर ती गाठ चाचपत होतो. पेपर वाचताना गाठ, जेवताना गाठ. दुपारी थोडा पडलो तेव्हाही हात खिशातच होता. संध्याकाळी दिवे लागल्यावर खण उघडला. सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत होती. बरोबर वेळ.

खिशात गाठ तशीच होती. मी कपाटाला धरून उभा राहिलो. ही नुसती विसरण्याची गोष्ट नव्हती. माझ्यातच कोणी दुसरा उठून माझ्या हातांनी कामं करून जात होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. स्वयंपाकघरात बायको फोडणी घालत होती. त्या वासानं रोज भूक लागते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पलंगावर पडलो, पण डोळा लागू दिला नाही. पंखा फिरत होता. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून बारीक आवाज आला. कर्र, कर्र, कर्र. चावी देण्याचा तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मी आधी माझे हात बघितले. दोन्ही हात पोटावर होते.

अनवाणी गेलो. बायको खणापुढे स्टूल टाकून बसली होती. नाकावर चष्मा, जिभेचं टोक दातांत, आणि मांडीवर मोबाइल, वेळ बघायला. एकेक घड्याळ उचलून, पदरानं पुसून, चावी देऊन परत ठेवत होती.

"काय करून राहिली तू?"

ती दचकली. घड्याळ हातातून सुटता सुटता वाचलं.

"काही नाही. चावी देऊन राहिली."

"काहून वं?"

"बंद पडले होते ना." तिनं मान वर केली नाही. "तुम्ही चावी द्यायचं विसरून राहिले होते. अर्धे द्याचे, अर्धे राहून जायचे. मग मी द्याची, तुमचा डोळा लागला की. तुमाले कळू नये म्हणून."

मी मटकन खाली बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळं सांगितलं तिला. सुट्टीचं, ओळींचं, बर्डीवाल्याच्या सल्ल्याचं. आळीपाळीचं मी तिला कधी बोललोच नव्हतो; वॉर्डातल्या गोष्टी घरात काय सांगायच्या! स्टेशनांची नावं, रुमालाची गाठ, सगळं सांगितलं. तीही हसली, कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "मायबाई, मी तुमाले वाचवून राहिली, अन् तुम्ही माह्याच पायी मरून राहिले."

छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. म्हटलं, "चल, उद्याच बऱ्हाणपूर. सकाळची गाडी धरू. जिलेबी खाऊ पोटभर." मी उठून बॅगसुद्धा काढली. मग सहजच, चेष्टेनं विचारलं, "पण काय वं, चार घड्याळं बंद दिसली, अन् तेवढ्यावरून माह्या डोक्याचा निकाल लावला तू?"

ती हसायची थांबली. खणातली घड्याळं उगाच सरळ करत राहिली.

"घड्याळावरून नाही," ती म्हणाली.

"मग?"

"जाऊ द्या ना."

"सांग."

"मागं आपण शेगावहून आलो. कचोऱ्या घेऊन. आठवते?"

न आठवायला काय झालं? कचोऱ्यांचा पुडा मांडीवर होता, तेलानं माझी पँट डागाळली होती. नवं घेतलेलं घड्याळ शर्टाच्या खिशात होतं. स्टेशनबाहेर ऑटो केला. घरी आलो. मी तिला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"घरी नाही आलो सरळ," ती म्हणाली. "ऑटोवाल्याले तुम्ही रविनगरच्या क्वार्टरचा पत्ता सांगितला."

रविनगरचं क्वार्टर आम्ही केव्हाच सोडलं. मुलं लहान होती तेव्हाचं ते घर.

"मले वाटलं, काही काम असन. तुम्ही उतरले, फाटकाची कडी काढली, अन् खिशात किल्ली शोधत राहिले. आतून एक बाई आल्या. मी म्हटलं, आम्ही पहिले इथं राहत होतो, सहज पाहाले आलो. त्यांनी पाणी दिलं. तुम्ही पेले."

"मी पाणी पेलो?"

"हो. मग मी तुमचा हात धरला. म्हटलं, चला, घरी जाऊ." तिनं खण लोटून घेतला. "तुम्ही म्हटलं, हेच तर घर आहे."

मी खूप आठवून बघितलं. अजूनही बघतो. तो ऑटो मला आठवतो, त्याची फाटकी सीट आठवते, आमच्या मनीषनगरला वळतानाचा खड्डा आठवतो. मध्ये कुठलं फाटक नाही, कुठली बाई नाही, पाण्याचा पेला नाही. माझ्या आठवणीत मी स्टेशनवरून सरळ घरी आलो आहे.

बऱ्हाणपूरला आम्ही गेलो, पण दुसऱ्या दिवशी नाही. आधी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासण्या सांगितल्या आहेत, काही झाल्या, काही व्हायच्या आहेत. तोवर फिरायला हरकत नाही म्हणाले, पण एकट्यानं नको. म्हणून बायकोसोबत गेलो. घड्याळ छान मिळालं. जिलेबी तिनं दोनदा घेतली, मीही घेतली. परत येताना गाडीत तिनं त्या घरातल्या सुनांच्या गोष्टी सांगितल्या.

नागपूरला उतरलो, ऑटोत बसलो. ऑटोवाल्यानं मागे वळून मलाच विचारलं, "कुठं जायचं, काका?"

पत्ता मला येतो. घर नंबर, गल्ली, समोरचं मेडिकल, सगळं येतं. पण मी तोंड उघडलं नाही, बायकोकडे बघितलं. तोंड उघडल्यावर कुठला पत्ता बाहेर पडेल, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.