गिरणीची पुकपुक

बोईसरच्या झुंबरशेठची पिठाची गिरणी खरं तर पुंजारामच्या इंजिनावरून ओळखली जायची. हा नगरकडचा गडी, तोंडाने फटकळ. इंजिनाच्या धुराड्याच्या नळीवर त्याने पत्र्याचा डबा बसवला होता. त्यातून निघणारी पुकपुक थेट डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत जाई आणि ती ऐकूनच बाया दळण घेऊन निघत. इंजिन कधी रुसेल याचा नेम नव्हता ना!

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, ते सुरू होण्याआधीच आमच्याकडे विजेचे खांब आले. शेठने मोटर आणली. बटण दाबलं की चालू. पुंजारामचा जीव थाऱ्यावर राहिना. जेवता जेवता उठायचा, इंजिन पुसून यायचा, परत बसायचा. त्याच्या शेजारचा एकनाथ तारापूरच्या त्या प्रकल्पावर कामाला. उद्या मोटारगाड्यासुद्धा विजेवर पळतील, असं तो कौतुकाने म्हणाला, तेव्हापासून पुंजारामने त्याच्याशी बोलणंच टाकलं. बायको गोजराबाईने प्रकल्पावर काम बघायला सुचवलं, तर तिच्यावरच डाफरला. इंजिन गेलं तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती त्याला खात होती.

मोटर सुरू झाली आणि गंमतच झाली. गिरणी चालू, पण ओटा रिकामा. पुकपुक नाही म्हणजे गिरणी बंद, असं पाड्यांवर सगळ्यांनी धरलं. शेठ वैतागला. शेवटी त्याने पुंजारामला सांगितलं, की पट्टा न चढवता इंजिन नुसतंच चालवायचं. दळायचं मोटरने, हाक मारायची इंजिनाने.

एवढ्या चांगल्या कारागिराला हे काम! मला राग आला, पण पुंजाराम हरखला. त्याने डबा घासून लख्ख केला. बाया पुन्हा येऊ लागल्या.

मग एका सकाळी हँडल मारून मारून तो दमला, तरी इंजिन पेटेना. आता शेठ बोलणार, म्हणून धावत बाहेर आला, तर ओट्यावर बायांची ही गर्दी. पाड्यावरची तानी तर पीठ घेऊन निघालीसुद्धा होती.

"इंजिन बंद हाये, मग आलीस कशी?" त्याने विचारलं.

"बटनाची गिरन कदीबी चालूच असते," तानी म्हणाली. "आमी आवाजाची वाट बघतच नाय आता."

पुंजारामने नळीवरचा डबा काढला आणि घरी आणून गोजराबाईपुढे ठेवला. प्रकल्पावर कामासाठी कोणाला भेटायचं, ते विचारायला त्याने तिलाच एकनाथकडे पाठवलं. तो स्वतः आपल्या दारामागे उभा राहून ऐकत होता.