समोरच्या पार्टीचा विषाणू
कच्च्या चिवड्यातल्या कांद्याचा वास आला की मला बोरी अरबच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते, मला 'पाहायला' पाहुणे आले होते तेव्हाची. सगळे पंख्याखाली बशा घेऊन बसले होते. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "पोरी, पुन्याले काय काम करून राह्यली तू?" मी तिथल्या प्रयोगशाळेत रेट्रोव्हायरसवर संशोधन करत होते. म्हटलं, सोपं करून सांगावं. "आम्ही एक विषाणू घेतो, त्याचा त्रास देणारा भाग काढून टाकतो, त्याच्याजवळ आपलं चांगलं जनुक देतो आणि त्याला पेशीत पाठवतो. मग ते जनुक तिथे कायमचं दाखल होतं." त्यांचा घास हातातच राहिला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचा दारव्ह्याच्या कोर्टात जुना खटला चालू होता, आणि आमच्याकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात. "म्हंजे समोरच्या पार्टीचाच जहरी गवाह फोडता," ते हरखून म्हणाले, "अन् आपलं बयान पढवून पेशीत घुसवता!" मी तोंड उघडणार तोच माझ्या बाबांनी माझ्या बशीत आणखी चिवडा ओतला. "पोरगी पसंत हाये," पाहुण्यांनी जाहीर करून टाकलं. मुलाला विचारलंसुद्धा नाही. लग्नाला आता बरीच वर्षं झाली. सासऱ्यांना मी पेशीचं चित्र काढून दाखवलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला, त्यांनी मानही डोलावली. तरी तारखेच्या आदल्या दिवशी फोन वाजतोच: "सूनबाई, उद्या पेशी हाये. एखादा विषाणू रिकामा असन त पाठवून दे."