मायच्या खोलीचा रंग

चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी फार वेळ थांबत नाही. पुण्यात नोकरी लागली म्हणून मी निघाले, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घाईघाईनं बॅग आत सरकवली. माय खिडकीची सळई धरून गाडीबरोबर थोडी चालली. "जेवत जाय येळेवर," एवढंच म्हणत राहिली. नुकतंच उजाडत होतं. फलाट, लिंबाचं झाड, मायचा पदर, सगळ्यावर फिकट निळी झाक होती. गाव दिसेनासं झालं तरी ती झाक डोळ्यांत तशीच राहिली.

निळा हा आमच्या घराचाच रंग. दिवाळी जवळ आली की दादा चुन्याचे खडे आणायचे. पिपात पाणी ओतलं की चुना रटरट उकळायचा. गार झाला की त्यात निळीची पुडी सोडायची. भिंती वाळल्या की खोलीत आभाळ उतरल्यासारखं वाटायचं. दुपारी गार शहाबादी फरशीवर पडून मी पोपड्यांचे ढग बघत राहायचे. झोप लागायची, तीही निळीच.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले जे कुणी हे वाचत असतील, त्यांना भाड्याच्या खोल्या ठाऊक असतील. भिंतींना मालकाच्या पसंतीचा क्रीम रंग, खिळा ठोकायचा नाही, कॅलेंडरसुद्धा चिकटपट्टीनं लावायचं. लग्नानंतर प्रशांत आणि मी अशाच घरांतून फिरत राहिलो. त्या भिंती माझ्या स्वप्नात कधी आल्या नाहीत.

मग आमचा स्वतःचा फ्लॅट झाला आणि त्याच वर्षी दादा गेले. माय चुडाव्यात एकटी राहिली. बोलावलं की म्हणायची, "माझं हितंच बरं हाय." कितीदा विनवल्यावर "थोडे दिवस येते" एवढ्यावर कबूल झाली. मला ती थोडे दिवस नको होती, कायमची हवी होती.

तेव्हाच घराचं रंगकाम काढलं होतं. जमिनीवर शेडकार्ड पसरून आम्ही बसायचो. हॉलला राखाडी आणि पांढरा, किचनला पिस्ता, हे सगळं प्रशांतनं ठरवलं. मायची खोली मात्र मी कुणाला ठरवू दिली नाही. पेंटर म्हणाला, "मॅडम, हा निळा फार फिका आहे. चुना मारल्यासारखं दिसेल."

"तसंच दिसायला पाहिजे," मी म्हणाले.

माय आली. कॉटच्या कडेला बसली, चारी भिंतींवरून नजर फिरवली. "चांगलं हाय," म्हणाली. पण झोपायला लागली हॉलमध्ये, सतरंजीवर. बॅगेतली लुगडी बॅगेतच राहिली. मी कपाट उघडून द्यायचे, ती हळूच लावून टाकायची.

एका दुपारी न राहवून मी विचारलं, "माय, खोली आवडली नाही का गं? आपल्या घरासारखाच रंग दिलाय मुद्दाम."

ती कसनुसं हसली. "तुला त्यो रंग दिसायलाय, बाई. मला चुना दिसायलाय. शिडीवर चढून मीच मारायचे ना? बोटं सोलायची पार. तसल्याच हातानं भाकरी थापायची."

माझ्या त्या निळ्या दुपारी माय कुठं असायची, ते मला आठवेचना.

"मग तुला कोणता रंग आवडतो?"

ती खिडकीकडे वळली. "मला कुणी इचारलंच न्हाई कधी. तुझे दादा निळीची पुडी घेऊनच यायचे. त्यांचं तरी काय चुकलं, दुकानात तेवढंच भेटायचं. पण मला वाटायचं, एक तरी भिंत करडईच्या फुलावानी असावी."

मी शेडकार्ड तिच्या मांडीवर ठेवलं. "ह्यो लय लाल," "ह्यो मेल्यावानी," असं म्हणत तिचं बोट एका केशरीवर थांबलं. प्रशांत चाचरत म्हणाला, "आई, डोळ्यांवर येईल हो चारी बाजूंनी."

"चारी कशाला? तीन सायीच्या रंगाच्या करा. सायीवर करडई उठून दिसती. अन् पडदा काळ्या मातीवानी. रानात असंच असतंय की."

रंग वाळला त्या संध्याकाळी पश्चिमेचं ऊन खिडकीतून थेट त्या भिंतीवर आलं. भिंत पेटल्यासारखी झाली, आणि तो उजेड सायीच्या भिंतींवरून घरंगळत हॉलपर्यंत आला. माय त्यात उभी होती. जराशानं आत गेली आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

आता दुपारी मी तिच्या खोलीत आडवी होते. डोळा लागता लागता करडईचं रान दिसतं. काटे लागू नयेत म्हणून पदर सावरत माय त्यातून चाललेली असते. पूर्वी वाटायचं, घर मागं राहतं आणि आपण त्याच्यासारखं काहीतरी इकडं उभं करत बसतो. आता तसं वाटत नाही.

परवा वालूरच्या मावशीचा फोन आला. माय भिंतीला टेकून बोलत होती. मावशीनं पलीकडून विचारलं, "घरी कधी यायलीस?"

"घरीच हाय की मी," माय म्हणाली, आणि मावशीला पडद्याचा रंग सांगू लागली.