'येतो' म्हणायचं नसतं

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. हे ऐकताना माझ्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता.

लॉकडाऊन नुकतंच सैल झालं होतं. सैल म्हणजे कसं, तर दुकान उघडायला परवानगी होती आणि गिऱ्हाईक नव्हतं! नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या ब्लाऊजपीसच्या दुकानात मी दिवसभर कापडावरची धूळ झटकायचो आणि संध्याकाळी शटर ओढायचो. मन कशातच लागत नव्हतं. वामन गेला होता ना.

वामन माझा जिवाचा दोस्त. आम्ही दोघं उमरेडच्या विणकरांची पोरं, शेजारी-शेजारी मागावर बसून लुगडी विणलेली. पुढे माग बंद पडले. मी नागपुरात दुकान टाकलं, तो रामटेकजवळ बायकोच्या गावी धानाची शेती करायला गेला. फोन मात्र नेहमी यायचा. "ये गा एकदा. घर बांधलं, पाहून तं जा!" मी म्हणायचो, "येतो गा, येतो." ऐन बंदीत छातीत कळ आली आणि तो गेला. रस्ते बंद, पास मिळाला नाही. त्याचं शेवटचं दर्शन मी मोबाइलवर घेतलं.

म्हणून रस्ता उघडल्या उघडल्या स्कूटर काढली. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, तोंडाला मास्क, वरून दुपट्टा. निघताना बायकोने बजावलं, "दुःखाच्या घरी चालले तुम्ही. तिथं चहापाणी घेऊ नका. निघताना 'येतो' म्हणू नका, मांगं वळून पाहू नका. अन् हातपाय धुतल्याबिगर गाडीले हात लावू नका."

खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदाच मी बायकोचं इतकं तंतोतंत ऐकलं. तिथेच घात झाला.

गावाच्या तोंडाशी अजून बांबू आडवा होता. त्यामागे दुपट्ट्यात गुंडाळलेला एक माणूस.

"कोठून आले?"

"नागपूरहून. भेटायले."

वामनचं नाव घ्यायला जीभ रेटेना. त्यानेही विचारलं नाही. "अरे, तुमचीच तं वाट पाहून राहिले सकाळपासून! देवळामागचं निळं घर," म्हणाला आणि बांबू उचलला.

निळ्या घराच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या, एकमेकींपासून दूरदूर. त्यांवर तोंडं बांधलेली माणसं, माना खाली, कोणी कोणाशी बोलत नाही. मला पाहताच सगळे उठून उभे राहिले. एकाने हातावर सॅनिटायझर ओतलं, एकाने पायांवर पाणी घातलं आणि मला गादीच्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, बघा, खेड्यातली माणसं दुःखातही रीत सोडत नाहीत!

आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत लग्नाचं घर आणि मरणाचं घर ओळखायचं कसं? मांडव नाही, बाजा नाही, माणसं मोजकी आणि सगळ्यांची तोंडं झाकलेली. ते घर वामनचं नव्हतंच. तिथे मुलगी पाहायचा कार्यक्रम होता. नागपूरहून मुलाचा मामा यायचा होता आणि त्या मामाच्या खुर्चीत मी बसलो होतो! पण हे मला मागाहून कळलं.

समोर एक म्हातारे गृहस्थ हात चोळत बसले होते. मला वाटलं, वामनचे सासरे. त्यांचा तो पडलेला खांदा पाहून मला भडभडून आलं. हुंदका काही आवरेना. दुपट्टा डोळ्यांना लावला. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

मग आतून मुलगी आली. डोक्यावर पदर, तोंडाला मास्क, हातात चहा-पोह्यांचा ट्रे. म्हटलं, वामनची पोरगी! एवढीशी असताना पाहिली होती. झालं, उरलासुरला बांधही फुटला.

"नको बेटा," मी म्हणालो, "या घरचा घोटभर चहाबी माझ्या गळ्याखाली उतरणार नाही."

मुलगी जागच्या जागी थिजली. आत कोणी बाई मुसमुसायला लागली. मला वाटलं, रडू दे, मन मोकळं होईल.

मी उठलो. 'येतो' म्हणालो नाही. मागे वळून पाहिलं नाही. तडक समोरच्या हापशीवर गेलो, खसखसून हातपाय धुतले, चूळ भरली, डोक्यावरही पाणी मारलं. अख्खं घर दारातून हे पाहत होतं.

तेवढ्यात एक पांढरी कार येऊन थांबली. काच खाली झाली.

"भाऊ, देवळामागचं निळं घर हेच काय?"

"हेच. तिथूनच येऊन राहिलो," मी डोळे पुसत म्हणालो. "जा, पण जास्त वेळ बसू नका. घरातला माणूस गेला. पार खचले बिचारे."

काच वर! कार अशी गर्रकन फिरली की माझ्या पांढऱ्या पायजम्यावर चिखलाची नक्षी उमटली.

तोवर ते म्हातारे गृहस्थ धापा टाकत आले. "थांबा जी! आमच्या पोरीत काय खोट दिसली तुमाले? पसंत नाही तं नाही म्हणा. पण हे हातपाय काहून धुता?"

"पोरगी? मी तं वामनच्या घरी आलो."

"वामनभाऊचं घर नाल्यापलीकडं आहे! मंग तुम्ही मामाजी नाही?"

मी कारच्या दिशेने बोट दाखवलं. "मामाजी बहुतेक त्या गाडीत होते."

"होते? मंग गेले कुठं?"

"मीच परत पाठवले."

म्हातारे मटकन हापशीच्या ओट्यावर बसले. "पोरीचं एक जमलेलं लग्न या बंदीनं मोडलं जी. हे बी गेलं तं तिच्याकडं कोणत्या तोंडानं पाहू?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि गाडी दामटली. नशीब बघा, बांबूवाला जेवायला गेला होता आणि बांबूला साखळी होती. कार तिथेच हॉर्न वाजवत उभी. मी हात जोडले, कान धरले. मामाजी काही ऐकेनात. "घरात सुतक नाही कशावरून? हाच माणूस रडत होता ना?"

"चला, तुमच्यासमोर याच माणसाले खाऊ घालतो," म्हातारे म्हणाले.

तर मंडळी, मास्क हनुवटीवर ओढून मी निळ्या घरात पोहे खाल्ले. शिरा खाल्ला. चहा प्यालो. घरची माणसं आणि मामाजी माझ्या प्रत्येक घासाकडे टक लावून बसलेली. पुन्हा वाढायला आली तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "काकाजी, आता उतरून राहिलं ना गळ्याखाली?"

मामाजी हसले आणि तिथेच होकार दिला. पेढे फिरले, सगळ्यांना टिळे लागले. मलाही लागला.

मग नाला ओलांडून वामनच्या घरी गेलो. ओसरीवर वहिनी एकटीच बसली होती. समोर एक रिकामी खुर्ची. रोगाच्या धास्तीने तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "टिळा पुसा."

मी घाईघाईने पुसला आणि बसलो. आणि रडूच येईना हो! सगळं त्या निळ्या घरी सांडून आलो होतो. जिवाच्या दोस्ताच्या दारात मला आला तो शिऱ्याचा ढेकर. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"घर झालं तवा ही खुर्ची ह्यांनी तुमच्यासाठीच आणली होती," वहिनी म्हणाली.

उन्हं कलली तसा मी उठलो. बायकोचे नियम आता तरी पाळायचे होते. चहा घेतला नव्हता, अंगणातल्या पाण्याने हातपाय धुवायचं ठरवलं होतं. आणि उंबऱ्याशी जीभ घसरलीच.

"येतो वहिनी."

बोललो आणि जीभ चावली. वहिनी रागावली नाही.

"ह्यांले बी फोनवर असंच म्हणत होते तुम्ही," ती म्हणाली. "आता खरंच या."