उघड्या चेंबरचा राखणदार

जगतपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण फुटलं, तेव्हा समोरच्या घरात एकटे राहणारे काका त्या खड्ड्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. तक्रार साऱ्या गल्लीने केली होती. राखण मात्र त्यांनीच केली. स्कूटर दिसली की हात वर करून ओरडायचे, "सँभल के, बेटा! आगे पाताल है." लोक थांबत, हसत, सरकारला दोन शिव्या देत, कुणी चहा आणून देई. माकडटोपी घालून धुळीत बसलेल्या या माणसाला मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मग नवं झाकण आलं. नगरसेवकांनी त्याला हार घातला. गटाराला एवढा मान मी प्रथमच पाहिला. काकांची खुर्ची फोटोत येत होती, म्हणून ती हलवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या फाटकाशी उभे होते. गाड्या सुसाट जात होत्या, कुणी थांबत नव्हतं. मी थांबलो, तसे ते आशेने पुढे झाले.

"आपकी तरफ की स्ट्रीट लाइट तो जलती है न?"

"जलती है, अंकल."

"अच्छी बात है," ते म्हणाले, आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.