दुसऱ्या पदार्थाचा दंड

हेमांगीला सायकल हवी होती. निळी, गीअरची, कुणीतरी दोनेक वर्षं वापरून विकलेली. करोल बागेजवळ झंडेवालानला सायकलींची दुकानं आहेत, त्यातल्या एकात ती छताला उलटी टांगलेली होती, वटवाघळासारखी. तिच्याखाली उभं राहिलं की हेमांगीला आपणच उलटे लटकलोय असं वाटायचं.

"मी देतो की पैसे," तिचे वडील, दीनानाथ, म्हणाले होते.

"नको बाबा. मग ती तुमची सायकल होईल."

पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीच्या हातात पैसा टिकतो कुठे? ती घेत असलेल्या शिकवण्यांचे आले की मेट्रो, मोमोज आणि झेरॉक्स यांच्यात विरून जायचे. म्हणून तिनं आईचा मार्ग धरला. तिची आई, वीणा, मयूर विहारच्या सोसायटीतल्या मराठी बायकांची भिशी कित्येक वर्षं चालवत होती. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी उचलायची, जिचं नाव येईल तिला सगळे पैसे. घरातला फ्रिज भिशीचा, हेमांगीचं टेबलही भिशीचं.

कँटीनमध्ये तिनं पाच मैत्रिणींना हे समजावलं.

"अच्छा, किटी!" मीनाक्षी म्हणाली.

"हां, वही." लेक्चरला उशीर होत होता.

घोटाळा झाला तो इथं. दिल्लीत किटी म्हणजे पार्टी. पहिली चिठ्ठी मीनाक्षीची निघाली. तिला फोनची फुटलेली काच बदलायची होती, पण सहा हजार हातात पडताच ती उभी राहिली. "चलो, बोलो, कहाँ खाना है?" त्या संध्याकाळी सगळ्या इतक्या जेवल्या की रिक्षाचं भाडं हेमांगीनं भरलं. पुढच्या चौघींनीही मागं हटायचं नाही असंच ठरवलं. प्रत्येक पार्टी आधीच्या पार्टीपेक्षा मोठी. हेमांगी जेवत होती, हसत होती, आणि प्रत्येक घासाबरोबर सायकलचं एकेक चाक गळ्याखाली उतरत होतं.

शेवटी तिचंच नाव उरलं. मैत्रिणींनी गच्चीवरचं एक रेस्टॉरंट आधीच ठरवून टाकलं. आणि दुकानदार म्हणाला, "बिटिया, संडे तक रखूँगा. उसके बाद मत कहना."

"नाही कशी म्हणू?" ती आईला म्हणाली. "पाचही जणींचं खाऊन बसलेय मी."

वीणा हसत सुटली. "अगं, आमचा नियम सांगितलाच नाहीस का? भिशी घरी. एक पदार्थ आणि चहा. दुसरा पदार्थ केला की दंड. आम्हीही एकदा अशाच चढाओढीत बुडालो होतो. बोलाव सगळ्यांना घरी."

शनिवारी पाचही जणी आल्या त्या टिकल्यांच्या कुर्त्यांत आणि उंच टाचांत. सोसायटीची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत चपला हातात आल्या होत्या. समोर दडपे पोहे.

"बस?" मीनाक्षी म्हणाली.

हेमांगीनं श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. सायकल, भिशी, नियम. शेवटी म्हणाली, "तुम्हाला पटत नसेल तर आत्ता उठू, त्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्येच जाऊ. तुमचं खाल्लंय मी."

बाहेर कबुतरं घुमत होती. मीनाक्षीनं एक घास तोंडात टाकला. दुसरा टाकला. मग उशी उचलून हेमांगीच्या डोक्यात हाणली.

"यानी पैसे बच भी सकते थे? कमीनी! मेरा फोन अभी तक टूटा पड़ा है!"

त्यानंतर जो हशा उसळला त्यानं दीनानाथ आतल्या खोलीतून बाहेर आले, आणि त्यांना पकडून हाऊजीचे आकडे पुकारायला बसवलं. पोह्यांचं पातेलं रिकामं झालं. आणि नेमकी तेव्हाच वीणा स्वयंपाकघरातून वाफाळता शिरा घेऊन आली. पोरी पहिल्यांदाच घरी आल्यात, तिला राहवलं नव्हतं.

"आंटी! दूसरा आइटम!" मीनाक्षी किंचाळली. "दंड!"

"अगं, हे गोड आहे, हे मोजत नाहीत," वीणा म्हणाली.

"तुझ्या भिशीत मोजतेस," दीनानाथ शांतपणे म्हणाले.

वीणानं पर्स उघडली. शिरा मात्र कुणी परत पाठवला नाही. निघण्याआधी भिशीची दुसरी फेरी सुरू करायचं ठरलं, दंडासकट.

रविवारी सगळ्या मेट्रोनं झंडेवालानला गेल्या. सायकल छतावरून खाली आली, सुलटी झाली, आणि जमिनीवर उभी असलेली ती फारच लहान, फारच आपली दिसली. सहा हजारांतून पोह्यांचे वजा जाता जे उरले, त्यात भाव बसवायला मीनाक्षीनं दुकानदाराशी अर्धा तास भांडण केलं.

"घंटी के पैसे अलग," तो हरून म्हणाला.

हेमांगीनं आईच्या दंडाचे पैसे काउंटरवर ठेवले. मग मुद्दाम मोठी, पितळेची, जुन्या धाटणीची घंटा निवडली, आणि रस्त्यावर कुणीही आडवं आलेलं नसताना ती घरापर्यंत वाजवत गेली.