उकिरड्यावरून आलेला अविश्वास ठराव

"भाऊसाहेब, सहाच्या सहा मेंबर गेले बगा!" आमचा शिपाई गंगाराम ऑफिसच्या दारातूनच ओरडला. "पांढऱ्या गाडीत बसले अन् गेले. बाया बी गेल्या."

मी ग्रामसेवक होतो. ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायतीचा सरकारी सेक्रेटरी. आमच्या परभणीकडं त्याला भाऊसाहेब म्हणतात. सरपंच दर पाच वर्षांनी बदलतो, बोलणी खायला भाऊसाहेब कायम असतो. हे गाव झरीच्या पलीकडं आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं अजून माझं जाणंयेणं आहे आणि लोक चहा पाजतात.

सहा मेंबर कुठं गेले, हे मला विचारायची गरज नव्हती. आदल्या दिवशीच उपसरपंच प्रल्हादरावांनी सरपंचांविरुद्ध अविश्वास ठरावाची नोटीस तहसीलदारांकडं दिली होती. तेव्हा सरपंच मेंबरांमधूनच निवडला जायचा आणि मेंबरांनाच त्याला काढता यायचं. आमचे मेंबर नऊ. काढायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे सहा. प्रल्हादरावांकडं बरोबर सहा होते, त्यांच्यासकट. एकही जास्त नाही.

नोटीस दिल्यावर तहसीलदार सात दिवसांच्या आत सभा लावतात. हे दिवस फार धोक्याचे. दुसरी पार्टी एखाद्याला फोडते. म्हणून पुढारी आपले मेंबर गाडीत घालून सहलीला नेतो. देवदर्शन, समुद्र, लॉजवर राहणं, दोन वेळा जेवण. सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करतात. सभेच्या दिवशी गाडी थेट ऑफिसच्या पायरीला लागते, मधे घरीसुद्धा जाऊ देत नाहीत. ही पद्धत कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही, पण कायद्यापेक्षा कडक पाळली जाते.

आता ठराव कशावरून आला, तर उकिरड्यावरून.

आमच्या सरपंचांचं नाव मुंजाभाऊ. वय पंचावन्नच्या पुढं, बांधा किडकिडीत, आवाज मात्र लाउडस्पीकरसारखा. आधी गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. नंतर शाळा समितीवर गेले. पंचायत समितीला उभे राहून एकदा पडले, ग्रामपंचायतीला दोनदा पडले. तिसऱ्यांदा निवडून आले आणि थेट सरपंच झाले. पडण्याची इतकी सवय होती, की निकालाच्या दिवशी गुलाल आणायचाच राहिला. शेवटी हरलेल्या पार्टीकडून उसना आणला.

सरपंच झाल्यावर त्यांनी पहिलं काम हाती घेतलं ते शाळेच्या वाटेचं. त्या वाटेला दोन्ही बाजूंनी उकिरडे होते. घरातलं शेण आणि केरकचरा तिथं साठवायचा, वर्षाकाठी खत म्हणून शेतात न्यायचा. सोन्यासारखं खत, पण पोरं नाक दाबून शाळेत जायची. मुंजाभाऊंनी आधी स्वतःचा उकिरडा हलवला, मग ठराव मांडला. सगळ्यांचे उकिरडे ओढ्यापलीकडच्या गायरानात न्यायचे, प्रत्येकाला एक खड्डा. टेप घेऊन मोजमाप मी केलं. नकाशाही मीच काढला. रंगीत पेन्सिलीनं खड्डे दाखवले. कागदावर काम फार सुरेख दिसत होतं.

वाट मोकळी झाली आणि मेंबर बिथरले. प्रल्हादरावांचं म्हणणं एकच होतं. "लहानपणापासून संगं विटीदांडू खेळलो, अन् मपला उकिरडा हलवताना ह्यानं मला एका शब्दानं इचारलं न्हाई!"

तर मेंबर गेल्याची बातमी घेऊन मी मुंजाभाऊंकडं गेलो. ते ओट्यावर दाढी करत होते.

"भाऊ, खुर्ची जायची वेळ आली. काहीतरी हालचाल करा. गाडीच्या मागं माणूस पाठवा."

"कामून? फिरू द्या की. रुखमीननं समुद्र कुटं बगितलाय?" असं म्हणून ते एकदम थांबले. अर्ध्या गालाला साबण तसाच. "भाऊसाहेब, रुखमीन बी गेली? नवरा बी गेला?"

"दोघंही."

"मग म्हशीचं काय?"

रुक्मिणबाई त्या सहांपैकी एक मेंबर. तिच्या म्हशीचे दिवस भरले होते. सोसायटीत असल्यापासून गावातली कुठली म्हैस कधी व्यायची हे मुंजाभाऊंना तोंडपाठ. माणसांची नावं कधी चुकायचे, म्हशीची तारीख नाही. घरी फक्त रुक्मिणबाईच्या सासूबाई होत्या, सरूबाई काकू, सत्तरी ओलांडलेल्या. मुंजाभाऊंनी गाल तसाच पुसला आणि निघाले.

त्या दिवसांत कापूस वेचणीला आला होता, तुरीवर अळी पडली होती. अशा ऐन हंगामात सहा घरांतली करती माणसं उचलून समुद्रावर नेणं, हा प्रल्हादरावांचा हिशेब मला आजही कळलेला नाही. मुंजाभाऊंनी आपल्या बाजूच्या दोन मेंबरांना बोलावलं आणि कामं वाटून दिली. एकानं फवारा पाठीला लावला, दुसऱ्यानं वेचायला बाया लावल्या. स्वतः सरूबाई काकूंच्या गोठ्यात शिरले.

मला धडकी भरली. "भाऊ, हे नियमात बसत नाही. मतदारांना आमिष दाखवलं असा अर्थ निघेल."

"शेण काडणं हे आमिष हाय?"

"तसं नाही, पण..."

"मग तुमी बी या दाखवायला."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी गेलो. सरकारी नोकरीत असं काम कुठल्या हेडखाली दाखवतात ते मला ठाऊक नव्हतं. मुंजाभाऊंनी टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि आम्ही माझ्या नकाशातल्या खड्ड्याकडं निघालो. गल्ली, मग मारुतीचं देऊळ, मग ओढ्याचा उतार. ओढ्यात दगड निसरडे. पलीकडं चढ. नकाशावर हे अंतर चार बोटांचं होतं. खड्ड्यापाशी पोचलो तेव्हा मुंजाभाऊंची मान आखडली होती आणि रिकाम्या हातानं चालूनही मला धाप लागली होती.

मुंजाभाऊ टोपलं रिकामं करून दगडावर बसले.

"भाऊसाहेब, काकू हे रोज करायल्यात?"

"दोन वेळा करत असतील."

परत आल्यावर त्यांनी सरूबाई काकूंना विचारलं, "काकू, एवढा तरास व्हायलाय, तर बोलल्या कामून न्हाईत?"

काकू ज्वारी निवडत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "बोललो की. रुखमीन बोलली मिटिंगात. 'मपल्या घरी म्हातारं माणूस हाय, खड्डा जवळ द्या' म्हनली. तू म्हनलास, सगळ्यायला नियम एकच, खाली बस."

मला ती मीटिंग लख्ख आठवली. रुक्मिणबाई उभी राहिली होती, बोलली होती, खाली बसली होती. आणि मी प्रोसिडिंग बुकात लिहिलं होतं: 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' असं लिहायची आम्हाला इतकी सवय असते, की पेन आपोआपच तसं चालतं. मला त्या वेळी खरोखर लाज वाटली. मुंजाभाऊंनी संध्याकाळी पुन्हा टोपलं भरलं आणि गेले. दुसऱ्या दिवशीही गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला म्हैस अडली. डॉक्टरांना फोन केला, तर ते मानवतकडं दुसऱ्या म्हशीपाशी अडकलेले. मुंजाभाऊंनी बाह्या वर केल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि मला म्हणाले, "शेपूट धरा. सोडू नका."

पुढचा अर्धा तास मी ग्रामसेवक नव्हतो. शेपूट धरणारा माणूस होतो. काकू म्हशीच्या कपाळावरून हात फिरवत तिच्याशी बोलत होत्या. आत रेडकाचा एक पाय दुमडलेला होता. मुंजाभाऊंनी तो हळूहळू सरळ केला. मग सगळं भसकन झालं. काळंभोर, ओलं रेडकू वैरणीवर पडलं आणि शिंकलं.

"वगार हाय काकू, वगार!" मुंजाभाऊंचा आवाज पार चौकात गेला असेल. वगार म्हणजे म्हशीची पोरगी, घरात आलेली लक्ष्मीच. काकूंनी आधी वगारीवरून, मग मुंजाभाऊंवरून आणि शेवटी माझ्यावरूनही कडाकडा बोटं मोडली. इतका आनंद मला माझ्या प्रमोशनच्या ऑर्डरीनंही झाला नव्हता.

सभेचा दिवस आला. तहसीलदार मॅडम वेळेवर आल्या. अकराला पाच मिनिटं कमी असताना पांढरी गाडी पायरीला लागली. सहाही जण उन्हानं रापलेले. चारही पुरुषांच्या डोक्यावर समुद्रावर घेतलेल्या एकसारख्या टोप्या. रुक्मिणबाईच्या हातात शिंपल्यांची पिशवी. प्रल्हादरावांचे दोन पुतणे दारात आडवे उभे राहिले, म्हणजे कुणी कुणाशी बोलू नये.

मॅडम नोटीस वाचायला लागल्या आणि त्या दोन पुतण्यांच्या हाताखालून सरूबाई काकू वाकून आत आल्या. हातात स्टीलचा मोठा डबा.

"आजी, इथं मेंबरांशिवाय कुणाला येता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्या कुटं मत द्यायला आले? खरवस हाय. खाऊन मग भांडा." काकू सुनेकडं वळल्या. "रुखमीन, म्हस व्याली. वगार हाय. कपाळावर पांढरा चांद हाय बग."

रुक्मिणबाईचे डोळे भरले. "अडली होती का वो? कोण होतं संगं?"

"मुंजा होता. भाऊसाहेबानं शेपूट धरलं."

सभागृह हसलं. मी प्रोसिडिंग बुकात तोंड घातलं. काकूंचं संपलं नव्हतं. एकेकाकडं बोट करून त्या म्हणाल्या, "तुज्या तुरीवर फवारा मारला. तुजा कापूस घरात आणून टाकलाय. अन् प्रल्हादा, तुज्या बापाला परवा दवाखान्यात नेऊन आणलं. आता बरा हाय, घाबरू नको."

प्रल्हादराव उठले. "मॅडम, हे आमिष हाय! ऐन सभेत खरवस!"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "ग्रामसेवक, म्हैस कधी व्यायली?"

"परवा सकाळी दहाला, मॅडम."

"तिला सभेची नोटीस बजावली होती?"

"नाही, मॅडम."

"मग तिनं मुद्दाम तारीख गाठली असं म्हणता येणार नाही. डबा कपाटावर ठेवा. आधी सभा."

काकू बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. नियमाप्रमाणं सरपंचांना बाजू मांडायची संधी दिली. मला वाटलं, आता मुंजाभाऊ केलेल्या कामांची यादी वाचतील. ते उभे राहिले, आखडलेली मान एका बाजूला कलती.

"मॅडम, ह्यांचा राग बरोबर हाय. शाळंची वाट मोकळी केली ती मोकळीच ऱ्हाईल, तिथं उकिरडे येनार न्हाईत. पण खड्डे देताना म्या नकाशा बगितला, टोपलं उचललं न्हाई. आता चार दिस उचललं. ही मान बगा. रुखमीन बोलली व्हती, म्या तिला खाली बसवलं. ते चुकलं मपलं. प्रल्हादाला इचारलं न्हाई, ते बी चुकलं. मपल्या घरामागची मोकळी जागा रुखमीनच्या गोठ्यापासून वीस पावलावर हाय. तिथं तिला खड्डा करून द्या. ज्याच्या घरी म्हातारं माणूस हाय, त्यानं बी तिथंच टाकावं. खुर्ची ऱ्हावो न ऱ्हावो. भाऊसाहेब, लिवा."

"भाऊ, तुमच्या खिडकीखाली येईल ते," मी हळूच म्हणालो.

"येऊ द्या."

"वहिनींना विचारलं?"

"अजून न्हाई," ते खाली बसत म्हणाले.

मॅडमनी सांगितलं, ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. प्रल्हादरावांचा हात ताडकन वर गेला. शेजारच्या मेंबरचा हात कानापर्यंत गेला, तिथं त्यानं टोपी नीट केली आणि हात खाली घेतला. रुक्मिणबाईनं दोन्ही हात शिंपल्यांच्या पिशवीवर घट्ट ठेवले होते. बाकीचे तीन जण जमिनीकडं बघत होते.

"बाजूनं एक," मॅडम म्हणाल्या.

प्रल्हादरावांनी वळून मागं पाहिलं. "समुद्र बगायला सगळे, अन् हात वर करायला म्या एकटाच?"

एवढं बोलून त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. मग कुणीच थांबलं नाही. मुंजाभाऊ उठून त्यांच्याकडं गेले आणि प्रल्हादरावांनी डोक्यावरची टोपी काढून मुंजाभाऊंच्या डोक्यावर ठेवली. सभा संपल्याचं जाहीर झाल्यावर डबा उघडला. मॅडमनी एक वडी घेतली. प्रल्हादरावांनी चार खाल्ल्या.

त्या दिवशीचं प्रोसिडिंग मी सविस्तर लिहिलं. कोण काय बोललं ते जसंच्या तसं. 'चर्चेअंती सर्वानुमते' हे शब्द पुढं नोकरी संपेपर्यंत मी जपून वापरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाभाऊंच्या मंडळी ऑफिसात आल्या आणि खिडकीखालच्या उकिरड्याचा ठराव मागून घेऊन दोनदा वाचला. मुंजाभाऊ त्यानंतर आठवडाभर बाहेर ओट्यावरच जेवत होते, असं गंगाराम सांगतो. पण खड्डा तिथंच झाला आणि त्याला झाकण वहिनींनीच करून घेतलं.

मी रिटायर झालो तेव्हा नव्या ग्रामसेविका बाईंना चार्ज दिला. शिक्के, रजिस्टरं, कपाटाच्या किल्ल्या, टेप. यादीच्या शेवटी मी लिहिलं होतं: टोपलं, एक.

बाईंनी विचारलं, "हे कशासाठी?"

"मोजमापासाठी," मी म्हणालो. "टेपच्या आधी वापरायचं."